टॅपिंग आणि बेस एकाच वाद्यावर हवाय? मग या चुका टाळा

जास्त तारा म्हणजे जास्त वाव, असं धरून लोक वाद्य निवडायला बसतात आणि तिथेच फसतात. तारा नंतर मोजा. आधी एवढंच ठरवा की बेसच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या जाड तारा तुम्ही उजव्या हाताने छेडणार, की फ्रेटबोर्डवर (मानेवरच्या पट्टीवर) बोट आपटून, म्हणजे टॅपिंगने वाजवणार? या दोन्हींना लागणारी वाद्यं सहसा वेगळी असतात.

टॅपिंगला ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, अगदी कमी लागते. हलकं बोट पडलं तरी सूर खणखणीत उमटायला हवा. पण तीच तार बेससारखी जोरात छेडली की फ्रेटवर आपटून खरखरते. खरखर ऐकली की बरेचजण थेट ट्रस रॉड (मानेचा बाक बदलणारी आतली सळई) फिरवायला घेतात. जरा थांबा. टॅप करताना सूर स्वच्छ येतोय आणि छेडतानाच खरखर होतेय का, ते बघा. तसं असेल तर बिघाड काहीच नाही, सेटअप टॅपिंगचा आहे. दोन्ही कामं हवी असतील तर ॲक्शन मधली ठेवून थोडी तडजोड करावी लागते, किंवा दोन्हींसाठीच बनवलेलं वाद्य घ्यावं लागतं. एनएस/स्टिक हे आठ तारांचं, ३४ इंची स्केलचं (वाजणाऱ्या तारेची लांबी) वाद्य त्याच हेतूने बनवलेलं आहे.

आठ तारांची गिटार घेतली की बेसची सोय झाली, हा समज तर फारच पसरलाय. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये तिची सर्वांत खालची तार एफ शार्प, म्हणजे सुमारे ४६ हर्ट्‌झ. साध्या चार तारांच्या बेसचा मोकळा (तार न दाबता वाजणारा) ई ४१ हर्ट्‌झला असतो, पाच तारांच्या बेसचा बी ३१ ला. म्हणजे गिटार तेवढी खाली जातच नाही. शिवाय स्केल बघा. तीच तार त्याच सुराला लावली तर २५.५ इंचांपेक्षा ३४ इंचांवर ताण जवळजवळ १.८ पट होतो. आखूड स्केलवर खालची तार ढिली पडते आणि टॅप केल्यावर सूर आधी किंचित चढतो, मग जागेवर येतो. कानाला ते लगेच खटकतं.

चॅपमन स्टिक, म्हणजे बेस आणि मेलडीच्या तारा एकाच फ्रेटबोर्डवर असलेलं टॅपिंगचं वाद्य, तिच्याकडे वळणाऱ्यांची अडचण निराळी. एमेट चॅपमन यांनी १९६९ मध्ये दोन्ही हातांची बोटं फ्रेटना समांतर ठेवून वाजवण्याची पद्धत काढली आणि १९७४ पासून स्टिक लोकांच्या हातात आली. तिच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये मेलडीच्या तारा चौथ्या अंतराने (सा ते म) असतात, बेसच्या पाचव्या अंतराने (सा ते प), आणि सर्वांत जाड तार फ्रेटबोर्डच्या मधोमध! बेसवर वर्षानुवर्षं घोटलेले बोटांचे आकार इथे कामी येत नाहीत. माझ्या मते हा दोष नाही. पाचव्या अंतरामुळे डाव्या हाताला ऐसपैस कॉर्ड सापडतात. पण महिन्याभरात बँडबरोबर वाजवू, या हिशेबाने घेऊ नका. जुनी सवय सोडायची नसेल तर चौथ्या अंतराने लावलेला सहा तारांचा बेस बरा.

‘बेसची बाजू वाजतच नाही’ ही तक्रार आली की आधी केबल बघावी. अशा बऱ्याच वाद्यांत बेस आणि मेलडीचे पिकअप (तारेच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारे भाग) वेगवेगळे असतात आणि एकाच स्टिरिओ जॅकमधून बाहेर येतात. साधी मोनो केबल खुपसली की तिच्या प्लगचा धातूचा दांडा एका बाजूचा सिग्नल थेट ग्राउंड करतो आणि ती बाजू गप्प होते. स्टिरिओ केबल घ्या, तिचे दोन फाटे करा आणि बेसचा फाटा बेस ॲम्पला लावा. गिटार ॲम्पमधून खालचे सूर नीट येत नाहीत. मग लोक पिकअप बदलत बसतात.

मोकळ्या तारा घुमत असतील तर नटजवळ (खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीजवळ) कापडी डँपर बांधा, म्हणजे घुमणं थांबेल. टॅपिंगच्या वाद्यांवर तो बहुधा आधीच असतो. गिटार-बेसवर विसरला जातो.

आणि घेण्याआधी तारांची चौकशी करा. स्टिकसारख्या ३६ इंची स्केलला गिटारच्या तारा लांबीला पुरत नाहीत. त्यामुळे वाद्यासोबत तारांचा एक जादा संच मागून घ्या.