दिवाळीत कुत्र्या-मांजरांची काळजी: सुरुवात अनंत चतुर्दशीपासून

फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याची तयारी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सुरू केली, तर त्या दिवशी फक्त त्याला लपायला जागा देणं एवढंच हातात उरतं. खरी सुरुवात अनंत चतुर्दशीला होते. विसर्जन मिरवणुकीतल्या ढोल-ताशांना तुमचं जनावर कसं वागलं ते आठवा. कान टवकारून पुन्हा झोपलं असेल तर फार चिंता नको. धापा टाकत येरझाऱ्या, थरथर, लाळ, पलंगाखाली घुसणं, समोर ठेवलेलं चिकनही न खाणं असं काही दिसलं असेल, तर तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण साडेसहा आठवडे मिळतात. ते पुरतात, पण रोज थोडं काम करावं लागतं.

आवाजाची सवय

फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा. कान हलतील पण खाणं थांबणार नाही, इतकाच आवाज हवा. त्या पाच-दहा मिनिटांत उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे एकेक करून देत राहा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, लगेच तुकडा. उलटं केलं तर तुकडा दिसला की आता काहीतरी वाजणार, असं त्याच्या मनात बसतं आणि तो खाऊलाच बिचकायला लागतो. सलग तीन दिवस शांत राहिला तरच आवाज एक घर वाढवा. दचकला, की दोन घरं मागे या.

बऱ्याच घरांत हा सराव फसतो तो मोबाइलच्या स्पीकरमुळे. सुतळी बॉम्बचा धमाका छातीत आणि फरशीत जाणवतो, आणि मोबाइलमधून तो खर्ज येतच नाही. ब्लूटूथ स्पीकर जमिनीवर ठेवा. दिवाळी आठवड्यावर आली असेल तर हा सराव सोडून द्या. घाईने आवाज वाढवला तर भीती कमी होण्याऐवजी पक्की होते.

आपल्याला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४० हजारांच्या पुढचं आणि मांजराला त्याहूनही वरचं. फटाक्याला कायद्याने दिलेली मर्यादा फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही त्यांच्यासाठी भयंकरच असतो.

औषध हवं असेल तर

मागच्या दिवाळीत कुत्रा घाबरून दारावर नखं रक्ताळेपर्यंत ओरबाडत होता, किंवा दोन दिवस जेवला नव्हता, तर पशुवैद्यांकडे दसऱ्याच्या सुमारास जा. भीती कमी करणाऱ्या गोळ्या असतात, त्यांचा डोस वजन, वय, यकृत-मूत्रपिंडाची स्थिती पाहून ठरतो. लिहून दिलेली गोळी एखाद्या निवांत दिवशी एकदा देऊन पाहा. कुणाला त्याने गुंगी येते, कुणी उलट जास्तच चेकाळतं, आणि हे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळून उपयोग नाही. अशी गोळी बहुधा आवाज सुरू होण्याच्या दीड-दोन तास आधी द्यायची असते. कुत्रा थरथरायला लागल्यावर दिली तर तिचा परिणाम फार कमी होतो.

एका औषधाबद्दल स्पष्ट विचारा: एसप्रोमाझिन. हे एकटंच दिलं तर अंग गळतं, जनावर निपचित पडतं आणि घरच्यांना वाटतं शांत झालं. भीती मात्र तशीच राहते, फक्त पळता येत नाही. फटाक्यांसाठी एवढं एकच औषध सुचवलं गेलं तर दुसरा पर्याय मागा, त्यात संकोच करू नका. घरातल्या माणसांच्या झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्या तर अजिबात नकोत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

एक खोली

रस्त्यापासून सगळ्यात लांबची, कमी खिडक्यांची खोली निवडा. फ्लॅटमध्ये ती बहुतेकदा आतली बेडरूम किंवा पॅसेजचा कोपरा असतो. खिडकीवर जाड चादर किंवा गोधडी टांगा, रॉकेटचा उजेडही घाबरवतो. टेबलाखाली किंवा पलंगाखाली अंथरूण घाला, त्यात घरातल्या कुणाचा तरी न धुतलेला टी-शर्ट ठेवा. पंखा पूर्ण वेगाने, टीव्हीवर एकसारखं चालणारं काहीतरी, किंवा पखवाज-तबल्यासारखा खर्ज असलेलं संगीत. नुसती बासरी धमाका झाकत नाही.

ही खोली धनत्रयोदशीच्या आधी निदान आठवडाभर रोज वापरात हवी, जेवण तिथेच द्या. कुत्र्याने स्वतः बाथरूम किंवा कपाटाखालची जागा निवडली असेल तर तीच त्याची खोली. ओढून बाहेर काढू नका, आणि बाहेरून कडीही लावू नका. कोंडलेलं जनावर दार फोडायला बघतं.

जवळ आला तर कुरवाळा. लाड केले की भीती वाढते, हे आपल्याकडे फार ऐकायला मिळतं आणि ते चूक आहे. भीती ही काही बक्षिसासाठी केलेली वागणूक नव्हे. सुती ओढणी छातीवरून पाठीवर घट्टसर गुंडाळली तर काही कुत्री सावरतात. खाली दोन बोटं जायला हवीत, आणि धाप लागली तर लगेच सोडा. कानात कापसाचे बोळे खोल घालू नका, ते आत अडकतात.

फिरायला नेण्याच्या वेळा

सगळीकडे सल्ला मिळतो तो संध्याकाळी बाहेर न नेण्याचा. महाराष्ट्रात नरक चतुर्दशीची पहाट त्याहून फसवी असते. अभ्यंगस्नान आटोपून लोक चार-साडेचारलाच माळ लावतात, आणि नेमकी तीच अनेक कुत्र्यांची फेरीची वेळ. नियमाने रात्री १० ते सकाळी ६ फटाक्यांना बंदी आहे, पण त्या भरवशावर साखळी हातात घेऊ नका. आदल्या रात्री बाहेर सामसूम झाल्यावर, साडेअकराच्या पुढे, शेवटची फेरी करा आणि सकाळी आठपर्यंत बाहेर पडू नका.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी भरपूर चालवा, चारच्या सुमारास जेवण द्या, पाचच्या आत घरी या. उशीर झाला की घाबरून ते जेवत नाही आणि शू-शीही रोखून धरतं. गळ्यातला पट्टा आणि छातीवरून बांधायचा हार्नेस दोन्ही घाला, साखळी दोन्हींत अडकवा. घाबरलेला कुत्रा मागे सरकून नुसत्या पट्ट्यातून डोकं सहज काढतो. पट्ट्यावर न पुसणाऱ्या मार्करने फोन नंबर लिहा. फराळाला पाहुणे येतात आणि दार उघडंच राहतं, दिवाळीत बरीच जनावरं अशीच हरवतात. मांजराला संध्याकाळी चारनंतर बाहेर सोडू नका आणि आतल्या खोलीत मातीचा ट्रे ठेवा.

फराळ आणि सजावट

सगळ्यात धोक्याचे बेदाणे आणि मनुका. चिवड्यात, रव्याच्या लाडवात, शिऱ्यात ते असतातच. कुत्र्याच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि किती खाल्ले तर चालेल याचा भरवशाचा आकडा नाही, म्हणून चार दाणे खाल्ले तरी पशुवैद्यांना फोन करा. भेट म्हणून आलेल्या चॉकलेटच्या डब्याचंही तेच: १० किलोच्या कुत्र्याला १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटनेही त्रास सुरू होऊ शकतो, डार्क चॉकलेट त्याच्या निम्म्याहून कमी पुरतं. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात, तोवर काय खाल्लं ते विसरलेलं असतं. चकली-करंजीचं तळण लहान जातीच्या आणि वयस्क कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सोसत नाही. वारंवार उलट्या आणि पोट आवळून पाठ वाकवणं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

ओकवायला मीठ-पाणी पाजण्याची जुनी पद्धत सोडा, जास्त मिठानेच जीव जाऊ शकतो. डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकवतात आणि त्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांत होतो. निघताना खाल्लेल्या पदार्थाचं वेष्टन बरोबर घ्या.

मांजरांच्या घरात आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, तोरणाचा दोरा आणि जरीचे धागे उंचावर हवेत. दोरा गिळला तर आतडं त्याच्यावर चुणीसारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ओढू नका, आतडं कापलं जातं. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घरातच घेऊ नका, तिचे पराग चाटूनही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. झेंडूची तेवढी भीती नाही. रांगोळी पंजांना लागली तर चाटण्याआधी कोमट पाण्याने धुवा. कापूर आणि सुगंधी तेलं त्यांच्या अंगापासून लांब ठेवा.

पिंजऱ्यातले पक्षी असतील तर तळणाच्या दिवसांत त्यांना स्वयंपाकघराच्या जवळपासही ठेवू नका. नॉनस्टिक कढई फार तापली की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात.

भाजलं तर नळाच्या थंड पाण्याखाली किमान १० मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

पाडव्याच्या सकाळी बाहेर नेण्याआधी अंगण आणि पार्किंग झाडून घ्या. न फुटलेल्या फटाक्यांची दारू कुत्री चाटतात, नागगोळ्या चघळतात, आणि त्यातले क्षार विषारी असतात. झाडताना गाड्यांखालीही वाकून बघा. रात्रभर घाबरलेली गल्लीतली कुत्री तिथेच दडून बसलेली असतात. त्यांना हुसकावू नका, पाण्याचं भांडं सरकवून ठेवा आणि गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारा.