खांदा बदलताय? या चुका टाळा

"डॉक्टर, नवीन निघालाय तोच सांधा बसवा." खांद्याच्या संधिवाताने जेरीस आलेल्या आईवडिलांना घेऊन येणारी मुलं हेच म्हणतात. मी फिजिओथेरपिस्ट, चूक निस्तरायची वेळ माझ्याकडे येते. कृत्रिम खांद्याचे दोन प्रकार, अ‍ॅनाटॉमिक आणि रिव्हर्स. 'नवीन' म्हणतात तो रिव्हर्स, पण तो अ‍ॅनाटॉमिकपेक्षा भारी मॉडेल नव्हे. फ्रान्समध्ये पॉल ग्रामाँ यांनी १९८५ मध्ये तो आणला, तो रोटेटर कफ (खांद्याचा गोळा धरून ठेवणारे स्नायू) निकामी झालेल्या खांद्यांसाठी. अ‍ॅनाटॉमिकमध्ये गोळ्याच्या जागी गोळा, वाटीच्या जागी वाटी. तो गोळा मधोमध धरायला कफ धड लागतो, नाहीतर गोळा वर सरकतो आणि वाटी हलायला लागते. रिव्हर्समध्ये जागा उलट्या. हात उचलतो डेल्टॉइड, म्हणजे खांद्यावरचा मोठा स्नायू. म्हणून पहिला प्रश्न विचारा: कफ कसा आहे? तो साध्या एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय किंवा सोनोग्राफी लागते. सत्तरीपुढे कफ शाबूत असूनही सर्जन रिव्हर्स सुचवतात. त्याचं कारण त्यांच्याकडून समजून घ्या.

दुसरी चूक मला फार लागते. एका आजींचं रिव्हर्स छान झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात घरी सत्यनारायण. हाताची झोळी काढून नऊवारी नेसल्या आणि कासोटा खोचायला ऑपरेशनचाच हात मागे नेला. सांधा निखळला. पुन्हा भूल, पुन्हा झोळी. हात अंगालगत, मागे आणि आत वळला की रिव्हर्स निसटू शकतो. खुर्चीच्या हातावर रेटून उठणंही तसलंच. मी ऑपरेशनच्या दोन आठवडे आधीपासून झोळी घालून दुसऱ्या हाताने जेवण, आंघोळ, कपडे करून घेते. नंतर एकच खूण: मान वळवली की स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे.

रिव्हर्सनंतर हात वर चांगला जातो, पाठीमागे बरेचदा कमीच. शौचाला कोणता हात लागतो, हे सर्जनला आधी सांगा. लाजून कुणी बोलत नाही आणि मग माझ्यापाशी रडतात.

गेल्या तीन महिन्यांत खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर लपवू नका, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. साखर आटोक्यात आणा. मालीशवाला नको.

आणि व्हिडिओ बघून दुसऱ्याच आठवड्यात व्यायामाची पुली ओढणाऱ्यांनो, अ‍ॅनाटॉमिकमध्ये पुढचा स्नायू सोडवून परत शिवलेला असतो. तो धरायला साधारण ६ आठवडे लागतात. तोवर हात बाहेर वळवायचा तो तुमच्या सर्जनने आखून दिलेल्या मर्यादेतच.