डब्ल्यूडीजी-३ए : लाइनवर आणि शेडमध्ये या चुका टाळा

पुणे–मिरज मार्गावर शिंदवण्याच्या आणि आदर्कीच्या घाटात ज्यांनी मालगाडी ओढली आहे, त्यांना डब्ल्यूडीजी-३ए ची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून मालगाड्या ओढणारा हा डिझेल लोको (लोकोमोटिव्ह) १९९५ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्याचं नाव डब्ल्यूडीजी-२ होतं. अल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेचं १६ सिलिंडरचं २५१ इंजिन, ३१०० अश्वशक्ती, वजन १२३ टन, ताशी १०० किलोमीटरची मर्यादा. नावातला 'जी' म्हणजे गुड्स, ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि 'ए' म्हणजे वरचे शंभर. घोरपडीच्या शेडने (लोकोंची देखभाल-दुरुस्ती होते ती जागा) हे लोको वर्षानुवर्षं सांभाळले. रेल्वेच्या हिशोबात डिझेल लोकोचं आयुष्य ३६ वर्षांचं, आणि त्याच्या मध्यावर, म्हणजे १८ वर्षांनी, मोठी पुनर्बांधणी. याच जातीचे दोन लोको जोडून २०१८ मध्ये वाराणसीतच १०,००० अश्वशक्तीचा विजेवरचा लोको तयार झाला.

मी हे लोको चालवले, नंतर नव्या असिस्टंटांना (सहायक चालकांना) शिकवलं. 'लोको फेल' म्हणून नोंद झालेल्या कितीतरी घटनांच्या मुळाशी मला यंत्रातला दोष सापडला नाही, माणसाने केलेली घाई सापडली. विद्युतीकरणानंतर डिझेलवर हात बसायची संधीही कमी झाली आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

तापलेलं इंजिन पटकन बंद करू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते. घाट चढून गाडी स्टेशनात येते, समोर सिग्नल लाल, कंट्रोल (गाड्यांची वाहतूक ठरवणारं कार्यालय) सांगतो दोन तास थांबा. असिस्टंट डिझेल वाचावं म्हणून लगेच इंजिन बंद करतो. हेतू चांगला असतो, पण वेळ चुकते.

आठव्या नॉचवर, म्हणजे थ्रॉटलच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर, राबलेल्या इंजिनाचा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारं यंत्र) एक्झॉस्टच्या जोरावर मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. अल्कोत तेलाचा मुख्य पंप इंजिनावरच चालतो, त्यामुळे इंजिन थांबलं की तेलही थांबतं. टर्बोचा रोटर (फिरणारा भाग) मात्र आपल्या वेगात फिरत राहतो, तोही तेल तुटलेल्या बेअरिंगवर. एक्झॉस्टकडची धग शाफ्टमधून आत उतरते आणि उरलंसुरलं तेल जळून त्याची काजळी होते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. काही आठवड्यांनी धूर काळा येऊ लागतो, लोड उचलत नाही, आणि मग 'टर्बो खराब' असा शेरा पडतो. म्हणून बंद करण्याआधी पाच-दहा मिनिटं आयडलवर, म्हणजे लोड न घेता कमी वेगात, ठेवा. बंद केल्यावर कान देऊन ऐका : टर्बोचा आवाज हळूहळू विरत गेला पाहिजे. तो मध्येच तुटला, तर रोटर कुठेतरी अडतो आहे. तसं लगेच लिहून द्या.

'हॉट इंजिन'चा अलार्म वाजला तरी हेच तत्त्व लागू पडतं. पाण्याचा पंपही इंजिनावरच चालतो. घाबरून इंजिन थांबवलंत तर पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि उष्णता सिलिंडरच्या हेडमध्ये अडकते. पाण्याची पातळी ठीक असेल तर जीएफ (जनरेटर फील्ड) स्विच उघडून लोड काढा, थ्रॉटल चौथ्या नॉचवर न्या म्हणजे पाणी फिरत राहील, आणि रेडिएटर फॅन फिरतो आहे का ते जाऊन पाहा. पाणी कमी असेल तर तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. झाकणही घाईने उघडू नका, वाफेने हात भाजतात.

नळाचं साधं पाणी भरून वेळ मारून नेणं हीसुद्धा चूकच. या पाण्यात गंज रोखणारं रसायन मिसळलेलं असतं. अडचणीत साधं पाणी भरावं लागलंच तर नोंद करा, म्हणजे शेडमध्ये तपासून रसायनाचं प्रमाण नीट करता येईल.

अल्कोवरून डब्ल्यूडीजी-४ या वेगळ्या इंजिनाच्या लोकोवर गेलेल्यांसाठी एक वेगळा इशारा. त्या लोकोत इंजिन थांबल्यावर एक छोटा पंप बॅटरीवर साधारण अर्धा तास टर्बोला तेल पुरवत राहतो. जुन्या सवयीने लगेच बॅटरीचा नाइफ स्विच (मुख्य स्विच) ओढलात, तर तो पंपच बंद पडतो.

चढावर थ्रॉटलने गाडी धरू नका

सिग्नल मिळेपर्यंत ब्रेक न लावता दोन-तीन नॉचवर गाडी तोलून धरायची, असं करणारे मी पाहिले आहेत. या लोकोच्या ट्रॅक्शन मोटरी, म्हणजे इंजिनाने तयार केलेल्या विजेवर चाकं फिरवणाऱ्या मोटरी, डीसी आहेत. चाक फिरत नसताना ब्रश ज्या पट्ट्यांवर टेकलेले असतात, त्याच पट्ट्यांतून सगळा करंट वाहतो आणि कम्यूटेटर (या पट्ट्यांचा फिरणारा भाग) तिथेच भाजतो. गाडी ब्रेकवर उभी करा. निघताना ब्रेक सोडणं आणि नॉच वाढवणं यांचा मेळ घाला. मोटरींचा करंट दाखवणाऱ्या लोड मीटरच्या लाल पट्ट्यात थोडाच वेळ राहता येतं. तिथे काटा ठेवून अख्खा घाट चढायचा नसतो.

चाकं घसरणं हा पावसाळ्यातला रोजचा अनुभव. पहिल्या पावसात, रुळांवर तेलकट ओल असताना, एकदा मी स्वतः घसरणाऱ्या चाकांवर नॉच वाढवला होता. गाडी जिद्दीने वर जाईल असं वाटलं होतं. ती अडकली आणि मागून दुसरा लोको येईपर्यंत सेक्शन बंद राहिला. तेव्हापासून एकच सांगतो : घसरण सुरू झाली की नॉच एकेक करून खाली आणा, चाकांनी पकड घेतली की मग रुळांवर वाळू द्या. जोरात फिरणाऱ्या चाकाखाली वाळू पडली की पकड झटक्यात बसते आणि तो दणका गियरला सोसावा लागतो. जिथे घसरणार हे माहीत आहे, तिथे वाळू आधीच द्यावी. आणि शेडमधून निघताना वाळू कोरडी आहे का हे हात घालून पाहा.

डब्ल्यूडीएम-३ए समजून चालवू नका

डब्ल्यूडीएम-३ए हा मालगाडी आणि प्रवासी गाडी या दोन्हींसाठीचा लोको. दोन्ही लोकोंत इंजिन एकच, अश्वशक्तीही तीच, म्हणून नवी मुलं दोघांना एकाच मापाने मोजतात. डब्ल्यूडीएम-३ए चं गियर प्रमाण १८:६५, तर याचं १८:७४. म्हणजे वेग कमी, ओढ जास्त. वजनही सुमारे दहा टनांनी जास्त. याच्या बोगीत, म्हणजे चाकं बसवलेल्या सांगाड्यात, तिन्ही मोटरी अॅक्सलच्या एकाच बाजूला बसवल्या आहेत, त्यामुळे जोर लावताना एका चाकावरचं वजन उचलून दुसऱ्यावर जाण्याचं प्रमाण कमी होतं. पकड चांगली मिळते ती यामुळे. कप्लरला झटका न देता, हळू नॉच वाढवत गेलात, तरच या रचनेचा फायदा मिळतो.

ग्राउंड रिले पडला तर

ग्राउंड रिले म्हणजे करंट लोकोच्या बॉडीत उतरला की लोड तोडणारं सुरक्षा-उपकरण. तो पडला तर एकदा रीसेट करा. पुन्हा पडला तर करंट बॉडीत कुठे उतरतो आहे ते शोधा. मोटर कट-आउट स्विचने दोषी मोटर बाजूला काढा आणि कंट्रोलला सांगा की आता पूर्ण लोड ओढता येणार नाही. रिले पाचर मारून दाबून धरणं हा गुन्हाच समजा. तो रिले आगीपासून वाचवणारा आहे.

डायनॅमिक ब्रेक, म्हणजे मोटरींना जनरेटर बनवून वेग कमी करणारा ब्रेक, घेण्यापूर्वी आयडलवर सुमारे १० सेकंद थांबा. मोटरी क्षणात जनरेटर बनत नाहीत. वेग अगदी उतरला की हा ब्रेक विरतो, त्यामुळे गाडी उभी करायला एअर ब्रेकच हवा. डायनॅमिक लागू असताना लोकोचा स्वतंत्र ब्रेकही दाबलात, तर चाकं घासत जाऊन सपाट होतात. ती सपाट चाकं पुढे प्रत्येक रुळावर हातोडा मारत फिरतात.

बरेच दिवस उभा असलेला लोको सुरू करताना आधी डीकम्प्रेशन प्लग उघडून इंजिन हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर ते बाहेर येईल. हे न करता थेट क्रँक केलं (स्टार्ट केलं), तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

शेवटची चूक कागदावरची. रिपेअर बुकात 'लोको ठीक' किंवा 'पॉवर कमी' एवढंच लिहून ड्यूटी संपवणं. शेडमधला फिटर त्यावरून काय शोधणार? कितव्या नॉचवर, किती वेगाला, लोड मीटरवर किती अँपिअर असताना, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, धूर काळा होता की पांढरा, हे लिहा. एवढं लिहिलंत तर लोड बॉक्स टेस्टला (शेडमध्ये उभ्या लोकोवर भार टाकून घेतात ती चाचणी) तीच स्थिती उभी करता येते आणि दोष त्याच रात्री सापडू शकतो.