पॅराचा बोजा : या चुका टाळा

बेळगावात वॅक्सीन डेपोच्या मैदानावर पहाटे दोन-तीन पोरं तरी पाठीवर वाळूची सॅक घेऊन धावताना दिसतात. विचारलं की म्हणतात, ‘उस्ताद, पॅरात जायचंय.’ पॅरा म्हणजे विमानातून पॅराशूटनं उड्या मारणाऱ्या फौजेच्या पलटणी. अरे, भरतीचे १६०० मीटर मोकळ्या अंगानं धावायचे असतात. वाळूनं फक्त गुडघे जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर दारात आहे, १९५२ साली तिच्याच ३ मराठा पलटणीची २ पॅरा झाली, म्हणून घाई समजते. पण आधी भरती तर व्हा!

उडीत बोजा पाठीवर असतो, हा दुसरा गैरसमज. पाठीवर मुख्य छत्री (पॅराशूट), पोटावर राखीव, तिच्याखाली मांड्यांपुढं पिट्टू, म्हणजे सामानाची सॅक, आणि कुशीला बंदूक. विमानाच्या दारापर्यंत बदकासारखं फेंगडतच जावं लागतं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बांधण्यातला आळस. जमीन जवळ आली की पिट्टूचे हूक ओढायचे, तो साधारण १५ फुटांच्या दोरीवर खाली लोंबतो आणि तुमच्या आधी टेकतो. आग्र्याला आमच्या उडीच्या कोर्सातल्या एका गड्यानं पट्ट्याचं टोक फडफडतं म्हणून हुकाशीच गाठ मारली. उडीत एक बाजू सुटली, दुसरी अडकली. पिट्टू एका पायावर लोंबकळत राहिला, टेकताना पाय जुळवता आले नाहीत, घोटा मोडला आणि कोर्सही गेला. मी बांधून झालं की हातमोजे घालून, डोळे मिटून दोन्ही हूक एकदा ओढून बघायचो आणि परत बांधायचो. पोरं हसायची. हसू देत. मात्र खाली दुसऱ्याची छत्री असेल तर पिट्टू सोडायचा नाही.

ठासून भरू नका. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत अमेरिकन पॅराट्रूपर्सनी पायाला बांधायच्या नव्या पिशव्या नेल्या. सराव जवळजवळ नव्हता, पिशव्या जड आणि विमानं वेगात. बाहेर पडताच वाऱ्याच्या झोतानं कित्येक पिशव्या तुटून गेल्या. आत वायरलेस होते, मशीनगन होत्या. जास्त नेलं आणि हाती काहीच उरलं नाही.

टोकदार, कडक सामान अंगाच्या बाजूला भरू नका.

खाली आल्यावर आधी छत्रीतली हवा दाबून काढा, मग पिट्टूकडं वळा. वारा असला की उलटं करणारा मैदानभर फरफटत जातो.