गृहपाठाला एआय वापरताना मुलं करतात त्या चुका

बहुतेक चुकांचं मूळ एकच: चॅटबॉट (चॅटजीपीटीसारखा, प्रश्न टाइप केला की उत्तर देणारा प्रोग्राम) कुठल्यातरी मोठ्या पुस्तकातून उत्तर शोधून देतो, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात तो आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्द, नेमकं सांगायचं तर शब्दाचा तुकडा म्हणजे टोकन, कोणता असेल याचा अंदाज बांधत वाक्य जुळवत जातो. माहिती पक्की असो वा नसो, भाषा तितकीच ठाम. फसगत होते ती इथेच.

'संदर्भ दे' म्हटलं की लेखक, वर्ष, पान क्रमांकासकट यादी हजर होते. त्यातली काही पुस्तकं कधी छापलीच गेलेली नसतात. प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या सूचीत शोधा, सापडलं नाही तर सरळ काट मारा. त्याहून बरं म्हणजे धड्यातला उतारा चिकटवून सांगायचं: 'फक्त या उताऱ्यावरून उत्तर दे. त्यात नसेल तर "उताऱ्यात नाही" असं लिही.' याने चुका कमी होतात, संपत नाहीत.

दुसरी खोड म्हणजे 'नक्की ना?' विचारून खात्री करणं. १७ × २४ विचारा, ४०८ येईल. मग 'चूक, ४१८ आहे' असं ठासून सांगा. काही वेळा तो माफी मागून ४१८ मान्यही करतो. माणसांना आवडलेल्या उत्तरांवरून त्याला घडवलेलं असतं आणि माणसांना होकार आवडतो! म्हणून तपासणी नव्या चॅटमध्ये करा, आपला अंदाज न सांगता: 'यातली प्रत्येक पायरी तपास. चूक असेल तर कुठली ते सांग, नसेल तर नाही म्हण.'

'निबंध लिहून दे' हा प्रॉम्प्ट, म्हणजे चॅटबॉटला दिलेली सूचना, तर नकोच. आधी १५ मिनिटं स्वतः झटापट करायची, अडलं तर 'उत्तर सांगू नकोस, पुढच्या पायरीचा एकच इशारा दे' असं म्हणायचं आणि स्क्रीन बंद करून वहीत लिहायचं. इशारे वाचून सगळं समजल्यासारखं वाटतं. खरं किती समजलं ते लिहायला बसल्यावर कळतं. मराठी उत्तरात ऱ्हस्व-दीर्घही तपासा.

नाव, शाळा, ओळखपत्राचा किंवा मित्राचा फोटो चॅटमध्ये टाकू नये. चॅटजीपीटीच्या अटींनुसार १३ वर्षांखालच्या मुलांना ते वापरता येत नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते.

शिक्षकही एक चूक करतात: एआय ओळखणाऱ्या साधनावर विसंबून मुलाला दोषी धरणं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. 'हे तू लिहिलंस का?' असं चॅटबॉटलाच विचारणं तर त्याहून निरर्थक, कारण तोही अंदाजच सांगणार. त्यापेक्षा कच्चा मसुदा मागा आणि निबंधातलं एखादं वाक्य दाखवून 'हे इथे का लिहिलंस?' असं मुलालाच विचारा.