‘रिमेन इन लाइट’ ऐकायचा कसा

टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडचा १९८० चा हा अल्बम मोबाइलच्या स्पीकरवर लावूच नका. बास ऐकू आला नाही तर उरतं काय? हेडफोन घ्या. गाणी बहुतेक एकाच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या त्याच स्वरांवर, फिरतात. रॉकवाले वैतागतात, पण तंबोऱ्याची सवय असलेल्या कानांना त्यात काय विशेष! शब्द नंतर. आधी ‘द ग्रेट कर्व्ह’ लावा: एकावर एक चढणारे आवाज, मग एड्रियन बेल्यूची किंचाळणारी गिटार. तिथे आवाज कमी करायचा नाही, शेजारी काहीही म्हणोत. ‘वन्स इन अ लाइफटाइम’मध्ये टीना वेमथचा बास धरून बसा. मध्येच नायजेरियन संगीतकार फेला कुटी ऐकून या. बँडचा गायक डेव्हिड बर्न आणि निर्माता ब्रायन ईनो यांना हे एकाच जागी फिरत राहण्याचं वेड तिथूनच लागलं. रेकॉर्डची दुसरी बाजू संथ होत जाते. शेवटचं ‘द ओव्हरलोड’ मला रटाळच वाटतं, खुशाल सोडा.