सूर्यामागे वळणारे सौर पॅनेल: एकाच मोटरवर चालणारी रचना

पुण्यात, म्हणजे 18.5 अंश उत्तर अक्षांशावर, 100 वॉटचे पॅनेल सूर्यामागे वळवायचे असेल, तर दोन मोटरींचा मोह आधी सोडावा. फिरण्याचा अक्ष उत्तर-दक्षिण धरून त्याचे उत्तरेकडील टोक 18.5 अंशांनी उचलले की तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि सूर्य त्याभोवती तासाला 15 अंश सरकताना दिसतो. उरतो तो उत्तरायण-दक्षिणायनाचा फरक, तो 23.4 अंशांपलीकडे जात नसल्याने त्यापायी होणारी घट जून-डिसेंबरातही सुमारे 8 टक्केच असते. दिशा होकायंत्राने ठरवावी, मात्र ते लोखंडी पाइपापासून दूर धरावे.

सांगाडा करताना अक्ष पॅनेलच्या गुरुत्वमध्याजवळून जाईल असे पाहावे, म्हणजे मोटरला वजन उचलावे न लागता ते केवळ कलवावे लागते. दोन्ही टोकांना बेअरिंग बसवावीत आणि केबलला पुरेशी ढील ठेवावी.

मोटर म्हणून खेळण्यातली सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी छोटी मोटर, घेऊ नये. वाऱ्यात पॅनेल धरून ठेवण्यासाठी ती सतत वीज खाते. 12 व्होल्टचा, 300 मिलिमीटर सरकणारा लिनिअर ॲक्च्युएटर (मोटरच्या जोरावर सरळ रेषेत पुढे-मागे होणारा दांडा) वीज बंद झाल्यावरही जागच्या जागी अडून राहतो. त्याचा सांधा अक्षापासून सुमारे 20 सेंटिमीटरवर घेतल्यास पॅनेल पूर्वेला आणि पश्चिमेला साधारण 45-45 अंश कलते. दोन्ही टोकांना लिमिट स्विच, म्हणजे टोक गाठताच मोटर थांबवणारी बटणे, हवीतच.

आता संवेदक. पॅनेलच्या कडेला दोन एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारे संवेदक) शेजारीशेजारी, एक पूर्वेला व एक पश्चिमेला, लावून मध्ये तीन-चार सेंटिमीटर उंचीची काळी पट्टी उभी करावी. पॅनेल सूर्यासमोरून ढळले की पट्टीची सावली एका एलडीआरवर पडते. प्रत्येकाला 10 किलोओहमचा रोधक जोडून मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाला) द्यावा. 0 ते 1023 या मोजपट्टीवर दोन वाचनांत 50 पेक्षा जास्त फरक असेल तरच मोटर क्षणभर चालवावी. ढगाळ हवेत, दोन्ही वाचने कमी असताना, पॅनेल हलवू नये. अंधार बराच वेळ टिकला, तर मात्र ते पूर्वेकडे परत न्यावे.

ही तपासणी दर दहा मिनिटांनी पुरते, कारण तेवढ्यात सूर्य अडीच अंशच सरकतो आणि त्याने उत्पादनात पडणारा फरक एक सहस्रांशाच्या आसपास असतो. गंमत अशी की ॲक्च्युएटर दिवसभरात जेमतेम एक-दोन वॉट-तास वीज घेतो, पण 12 व्होल्टवर अखंड जागा असलेला आर्डुइनो उनो सुमारे 14 वॉट-तास खर्च करतो. म्हणून दोन तपासण्यांच्या मधल्या वेळेत झोपवता येईल असा आर्डुइनो प्रो मिनी वापरावा.

गच्चीवर चढवण्यापूर्वी सगळी जोडणी टेबलावर टॉर्चच्या उजेडात तपासावी. टॉर्च पूर्वेला धरल्यावर पॅनेल पश्चिमेकडे पळू लागले, तर मोटरच्या दोन तारांची अदलाबदल करावी.